आम म्हणजे तू, रामजी

अमरावती. चैत्र वद्य तृतीया, गुरुवार.

काल तुला नेलं तेव्हा हजर: तुझे थोरले भाऊ धोंडूभाऊ, चांदूर बाजारहून पायी आलेले. त्यांचा जावई. मी. एक तेलंगी गाडीवान. आणि फुलकी, सानू कोरकूची बायको, जी आमच्या मागून वीस पावलांवर चालत होती आणि जवळ ये म्हटलं तरी आली नाही. खांद्याला चार माणसं लागतात. आम्ही नेमके चार होतो, त्यामुळे तुझ्या दारापासून नाल्याकाठच्या मसणवटीपर्यंत कुणाला खांदा बदलता आला नाही. धोंडूभाऊंचं वय बघ आणि चैत्रातलं ऊन बघ. दोनदा तुला खाली टेकवावं लागलं. त्याबद्दल माफ कर.

आता गैरहजर. तुला अकोल्याला धाडणारे शेठ. त्यांचा गुजराथी गुमास्ता, जो तुझ्याशिवाय बाजारात एक पाऊल टाकत नव्हता. कचेरीतले मुन्शी. तुझ्या गल्लीतले वैद्यबुवा. यांची नावं मी इथे लिहीत नाही, तू ओळखशीलच. प्रत्येकाने कारण कळवलं, तेवढी सभ्यता दाखवली. शेठकडे तोलाई चालू होती. गुमास्त्याच्या पायाला ठेच लागली होती. मुन्शींना दौऱ्यावरच्या साहेबाची डाक बांधायची होती. वैद्यबुवांनी निरोप धाडला की तापाने गेलेल्याच्या घरी जाणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. वैद्याच्या!

यातलं एकही कारण खरं नाही, रामजी. खरं कारण तुझ्या अंगणात दोन बाया हलक्या आवाजात बोलत होत्या आणि पार्वतीवहिनींना ते ऐकू जात होतं: "जंगलातल्या लोकायच्या गाडग्यातलं पानी पेत होता थो. आता त्याले कोन हात लावीन?"

म्हणून हे लिहितो आहे. वर्षानुवर्षं या गावाने तुझी जीभ वापरली. कापसाला भाव चढला, मुंबईपासून तेलंगणापर्यंतचा माणूस आपल्या रस्त्यांवर येऊन ओरडू लागला, आणि एकाचं दुसऱ्याला कळेना. तेव्हा हे सगळे तुझ्या दारात उभे राहायचे. रामजी चल, रामजी लवकर चल. तेव्हा तू कोणाच्या गाडग्यातलं पाणी पितोस हे कुणी विचारलं नाही.

मला चीड येते, आणि मी ती तारीखवार लिहून ठेवणार आहे. तू हसशील. तुला माझ्या याद्या पाहून नेहमीच हसू यायचं.

पाण्याचंच आधी सांगतो, कारण त्यावरून मीही तुला कमी बोललो नाही. कचेरीत साक्षीला माणूस उभा केला, समोर मी कागद मांडून बसलो, बाहेर पंधरा माणसं खोळंबली, आणि तू काय करायचास? त्या माणसाला घेऊन मागच्या पारावर जाऊन बसायचास. त्याच्याकडे पाणी असलं तर त्याचं प्यायचास, नसलं तर तुझं त्याला द्यायचास. कुठून आलास, बैल कसे आहेत, पाऊस किती झाला. मी दारातून हात हलवायचो. तू तिकडूनच म्हणायचास, "पह्यले पानी, पंत, मंग बोलनं!"

"अरे, साक्ष एका ओळीची आहे."

"एका वळीचीच हाय. पन कोनाची हाय ते पाहून राहिलो ना मी."

लहानपणी तुझ्या बापाबरोबर मिठाचे बैल घेऊन तू चिखलदऱ्याच्या खालच्या कोरकू गावांत जायचास. तिथे ही रीत शिकलास. पाणी घेतल्याशिवाय तिथे कुणी खरं बोलत नाही, आणि पाणी नाकारणाऱ्याशी तर कुणी बोलतच नाही. मला हे सगळं वेळेची नासाडी वाटायचं. मी ते तुला सांगितलं होतं, शिरस्तेदारांनाही सांगितलं होतं. दुसरी गोष्ट तुला माहीत नव्हती. आता झाली.

तुला लिहिता येत नव्हतं. तू बोलायचास आणि शब्दांची वही मी लिहायचो. सुटीच्या दिवशी, सकाळी, तुझ्या ओट्यावर. माझं म्हणणं होतं की वही नीट लावायची: कोरकूचे शब्द वेगळे, तेलंगीचे वेगळे, गुजराथी वेगळे. तुझं म्हणणं होतं की एक शब्द जितक्या तोंडांतून येतो ती सगळी तोंडं एकाच पानावर पाहिजेत. यावर आपण किती भांडलो! शेवटी मी दोन वह्या केल्या. माझी नीट लावलेली वही कुणीच कधी उघडली नाही, मीसुद्धा नाही. तुझी फाटायला आली.

त्यातलं 'आम'चं पान तुझं लाडकं. ते सुरू झालं त्या दिवशी मी होतो. कचेरीपुढे कापसाच्या गाड्या अडकल्या होत्या. गुजराथी गुमास्ता हात वळवून वळवून ओरडत होता, "आम वाळो, आम! आम!" आणि पुढचा हिंदुस्थानी गाडीवान जोखडावर बसून म्हणत होता, "कहाँ है आम, शेठ? अभी तो बौर भी नहीं आया." तू रस्त्यात उभा राहून इतका हसलास की तुझं पागोटं सुटलं. मग दोघांच्या मध्ये गेलास, बैलाचं शिंग धरून गाडी वळवलीस, आणि परत येऊन मला म्हणालास, "लिही पंत. आम. गाडीवानाचा आंबा. गुमास्त्याचं 'असं'."

पुढे पान वाढत गेलं. मुन्शींनी ऐटीत सांगितलं की आम म्हणजे सगळ्यांचं, जसा आमदरबार, जसा आम रस्ता. हा अरबी शब्द आहे, आंब्याशी त्याचा काही संबंध नाही. तुझं पोट बिघडलं तेव्हा वैद्यबुवा नाडी धरून म्हणाले, आम साचलाय, खाल्लेलं पचलेलं नाही. तू घरी येऊन पोटावर हात ठेवून मला म्हणालास, "माह्या पोटात आंबा गेलाच नाई, तरी हे म्हनतेत आम झाला! लिही." एका साहेबाला कुणीतरी नाव विचारलं तेव्हा त्याने 'आय ॲम' म्हटलेलं तू ऐकलंस. मी सांगितलं, तो 'मी आहे' म्हणतो आहे, आणि त्याचा शब्द आम नाही, तोंड थोडं वेगळं वळतं. तू म्हणालास, "वळू दे. लिही, साहेबाचं 'आहे'."

आणि सगळ्यांत खाली कोरकूचं. आम म्हणजे तू.

"तू की तुम्ही?" मी विचारलं. वहीत नेमकं पाहिजे.

"एकट्या मानसाले आम. पोराले आम, पाटलाले आम, देवाले आम. त्यायच्यात अहोजाहो मले तरी ऐकू आलं नाई."

"म्हणजे साहेबालाही?"

"साहेब काय दोन मानसं हाय का?"

या पानावरच्या काही भाषांचं आपसात नातं असेल, पण कोरकूचं आणि अरबीचं काही नातं नाही, इंग्रजीचं आणि कोरकूचंही नाही. माझं म्हणणं होतं की हा निव्वळ योगायोग आहे आणि योगायोग लिहून काही उपयोग होत नाही. "हे पान कशाला हवं?" मी विचारलं. तू उत्तर दिलंस ते मी त्या दिवशी लिहिलं नाही, आज लिहितो: "शब्द आयकला का तुले वाटते समजलं. हे पान पायलं का तू आंधी इचारशीन, बोलून कोन राहिलं?"

मी म्हटलं, बरं. आणि वही मिटली.

आता सानू. हे सविस्तर लिहायलाच हवं, कारण पुढच्या सोमवारी सगळं यावर ठरायचं आहे.

आगगाडीच्या रुळांखाली घालायला मेळघाटातून सागाचे ओंडके येतात, तुला माहीत आहे. पौष महिन्यात ठेकेदाराच्या माणसांनी सानूला एका ओंडक्यासह पकडलं. हा आमच्या तोडीतला, आणि याने चोरला, असा आरोप. सानूला इथे आणलं. तू तेव्हा नांदगाव खंडेश्वरला लेकीकडे होतास. दुभाषा म्हणून मुन्शींनी एका चपराशाला उभं केलं, ज्याला बाजारापुरतं कोरकू येतं. जबानी मी लिहिली. ती मला पाठ आहे.

लाकूड तू तोडलंस का? तोडलं. कुणासाठी? बापासाठी. बापाचं नाव? मोती. तो कुठे आहे? घरी आहे. लाकडाची वाट पाहतो आहे.

चपराशाने एक शब्दही चुकीचा सांगितला नाही. मी एक शब्दही चुकीचा लिहिला नाही. अक्षर सुंदर आहे. आणि त्या जबानीवरून, माझ्या हाताने, मी मोती वल्द भुरा याचं नाव हजर करायच्या माणसांच्या यादीत घातलं, कारण चोरीचा माल ज्याच्यासाठी नेला तो माणूस यादीत यायला हवा. समन्स घेऊन माणूस डोंगरात गेला आणि आठ दिवसांनी परत आला. त्याने कागदावर लिहवून आणलं होतं: "मोती घरी मिळाला नाही. शेजारी म्हणतात, इथेच असतो." मी त्याच्या नावापुढे 'फरारी' लिहिलं. दोनदा तारीख पडली, दोनदा चपराशाने ओसरीवर उभं राहून त्याच्या नावाने पुकारा केला. मोती आला नाही. मोती येईपर्यंत सानूला सोडता येईना.

तिसऱ्या पुकाऱ्याला तू नांदगावहून परतला होतास आणि आवारात होतास. "मोती वल्द भुरा हाजिर है?" चपराशी ओरडला आणि तू जागच्या जागी थांबलास. मी खिडकीतून बघत होतो. आधी तू हसलास. मग हसायचा थांबलास आणि पारावर बसलेल्या फुलकीकडे गेलास. सानूला आणल्यापासून ती तिथे बसते आहे, मोळ्या विकते आणि बसते. तू तिच्या गाडग्यातलं पाणी प्यालास. बराच वेळ बसलास. मग माझ्याकडे आलास. आणि कचेरीत मला नेहमी तुमी म्हणणारा तू, सगळ्यांदेखत म्हणालास:

"काहून रे पंत, मेलेल्या मानसाले बोलावून राहिला तू?"

मोतीला तू ओळखत होतास. लहानपणी मिठाचे बैल त्याच्याच दारात सोडायचात. तीन पावसाळ्यांमागे तो गेला, तेव्हा तू तिथे जाऊनही आला होतास. तू मला समजावून सांगितलंस, आणि मी प्रथमच लेखणी खाली ठेवून ऐकलं. कोरकू माणूस मेला की लगेच पूर्वजांत जात नाही. घराच्या आसपास असतो. मुलाने चांगला, निकोप साग शोधायचा, झाडाला हळद-तांदूळ वाहायचे, तोडायचा, त्याच्यावर सूर्य-चंद्र आणि घोडेस्वार कोरायचा. त्याला ते मुंडा म्हणतात. तो खांब गावाबाहेर बाकीच्यांच्या रांगेत उभा केला म्हणजे बाप वडिलांत गेला. तोवर तो घरीच असतो, आणि लाकडाची वाट पाहतो.

"पण हे त्याने सांगितलं का नाही? बाप मेला आहे म्हणून?"

"कोनी इचारलं? तुह्या कागदात तो रकाना कुठी हाय? नाव इचारलं, नाव सांगतलं. कुठी हाय इचारलं, कुठी हाय ते सांगतलं. गुन्हा काय त्याचा?"

"बरोबर आहे. पण..."

"पन काय? खोड ते नाव."

इथे मी काय बोललो तेही लिहितो. मी म्हणालो, दप्तरातलं नाव असं खोडता येत नाही. साहेब दौऱ्यावर आहे. पुढल्या तारखेला ये, शपथेवर सांग, मी लिहून घेईन, मग खोडू.

"समासात तरी लिही आत्ता. 'मेला आहे' एवढंच. मी आंगठा देतो."

"समास कोरा ठेवायचा असतो, रामजी."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने पाहिलं असतंस तर मी लिहिलंही असतं कदाचित. तू फक्त म्हणालास, "ठीक हाय. तारखेले येतो." आणि गेलास.

दुसऱ्याच दिवशी शेठने तुला अकोल्याला धाडलं. तिथे त्याच्या तेलंगी गाडीवानांनी गाड्या जुंपायला नकार दिला होता. तुझं अंग तेव्हाच कढत होतं, वहिनी सांगतात. तू शेठला म्हणालास, ताप आहे. तो म्हणाला, बोलायला कुठे हात लागतात? तू गेलास. तुझाही मला राग आहे! तुला नाही म्हणता येत नव्हतं. सहा भाषांत तुला शब्द येत होते आणि त्यातला हा एक तू कधी वापरला नाहीस. सोमवारची तारीख तुला माहीत होती. सानूच्या वतीने बोलणारं कोणी नाही हे तुला माहीत होतं. तरी तू शेठच्या गाड्यांसाठी अकोल्याला गेलास, आणि गाडीवानांजवळ बसून त्यांचं पाणी पिऊन, त्यांचं म्हणणं शेठच्या माणसाला दोन दिवस नीट पोचवत राहिलास. तिसऱ्या दिवशी गाड्या जुंपल्या. त्याच दिवशी तू उठू शकला नाहीस.

शेठच्या माणसांनी तुला अकोल्याच्या सरकीच्या आवारात एका खाटेवर ठेवलं आणि कापसाबरोबर निघून गेले. तुला घरी आणलं ते त्या तेलंगी गाडीवानाने. स्वतःच्या रिकाम्या गाडीत, कडब्यावर घोंगडी टाकून, तीन मुक्कामांत. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मराठी त्याला येत नाही, मला तेलंगी येत नाही, तेव्हा काल त्याचे आभार मी हात जोडून मानले आणि त्याने माझे हात धरून खाली केले. मग त्याने आपला तांब्या पुढे केला. मी प्यालो. रामजी, मी प्यालो, आणि कचेरीतल्या चपराशाने ते रस्त्यावरून पाहिलं. आज सकाळी शिरस्तेदार मला म्हणाले, "पंत, कुणब्याला खांदा दिला ते एक वेळ समजू. पण त्यानंतर जे केलंत त्याचं काय?" मी म्हणालो, तहान लागली होती. त्यांना वाटलं मी उद्धटपणा करतो आहे. करत होतो.

तू परतल्यावर मी तुला एकदाच पाहिलं. सोमवारी संध्याकाळी. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस, आणि माझ्या अंगातला कचेरीचा अंगरखा पाहून विचारलंस, "लिहिलं?"

मी म्हणालो, "आधी बरा हो."

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. खरं तेच होतं. तुला कोणी खोटं बोललेलं लगेच कळायचं, मग ते कोणत्याही भाषेत असो. तू भिंतीकडे तोंड केलंस. मंगळवारी तुझी शुद्ध गेली. बुधवारी पहाटे तू गेलास.

हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. ज्याला सांगायचं होतं तो आता नाही, म्हणून त्यालाच सांगतो.

काल धोंडूभाऊंनी अग्नी दिल्यावर आम्ही चौघे बाजूला बसलो. तेव्हा फुलकी पुढे आली. इतका वेळ वीस पावलं राखून होती, ती चितेच्या अगदी जवळ आली, धग लागेल इतकी, आणि बोलू लागली. ती रडली नाही, हातवारेही केले नाहीत. माणूस समोर बसलेल्या माणसाला घरातली हकिगत सांगतो तशी बोलत होती. मध्येच थांबायची, जणू तू काहीतरी उत्तर देत होतास, आणि मग पुढे. धोंडूभाऊंचा जावई कुजबुजला, "कोनाशी बोलून राहिली हे?" मला तिच्या बोलण्यातला एकच शब्द कळला. पुन्हा पुन्हा येत होता. आम. आम. आम.

तुझ्या त्या पानावरचा प्रत्येक अर्थ ज्याने आणून दिला, त्यातला जवळजवळ प्रत्येकजण काल घरी बसला होता. 'असं' सांगणारा गुमास्ता नाही. 'सगळ्यांचं' सांगणारे मुन्शी नाहीत, सगळ्यांचं म्हणे. 'न पचलेलं' सांगणारे वैद्यबुवा नाहीत. आंब्याचा गाडीवान हिंदुस्थानात परत गेला, त्याला माफ. साहेब दौऱ्यावर. सगळ्यांत खाली लिहिलेला एक अर्थ तेवढा चालत आला आणि तुझ्याशी बोलला.

योगायोग लिहून उपयोग नाही, असं मी म्हणालो होतो. हे म्हणणं मी मागे घेतो. पण भांडण संपलं असं समजू नकोस. वही नीट लावायला हवी होती, हे माझं अजूनही म्हणणं आहे.

आज कचेरीत काय झालं ते सांगतो. मी मुन्शींकडे गेलो आणि म्हणालो, सानूच्या प्रकरणात रामजी साक्ष देणार होता, तो गेला, तेव्हा तारीख पुढे ढकला, डोंगरातून दोन म्हातारे बोलावू. मुन्शींनी दुःख झाल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "दुभाषा गेला, पण जबानी आहे ना? तुमच्याच अक्षरात आहे, इतकी साफ आहे. तिच्यावरच चालेल. बाप फरारी आहे, तेव्हा त्याचं घर जप्त होईल, आणि पोराला कैद."

"बाप मेला आहे."

"कागद दाखवा."

"मुन्शीजी, रामजीने मला सांगितलं आहे."

"रामजीही मेला आहे, पंत." आणि ते हसले. त्यांना ते सुचलं याचा त्यांना आनंद झाला होता.

मी तिथून उठलो आणि मागच्या आवारात गेलो, जिथे खटल्यांचा माल ठेवतात. पौष महिन्यात सानूचा ओंडका मीच तिथे उभा करून घेतला होता. मीच त्याच्यावर चुन्याने आकडा घातला होता. मालाच्या यादीत माझी नोंद अशी आहे: "सागाचा ओंडका एक. लांबी पाच हात. एका अंगाला कुऱ्हाडीचे घाव." आज मी ओलं फडकं घेतलं आणि चुना पुसला. घाव नाहीत ते, रामजी. वर एक वाटोळा सूर्य आहे, त्याच्या शेजारी चंद्राची कोर, आणि खाली चार रेघा, ज्या घोड्याचे पाय व्हायच्या होत्या. माझा आकडा बरोबर चंद्रावर पडला होता. रुळाखाली घालायच्या ओंडक्यावर चंद्र कोण कोरतो? चार महिने तो तिथे उभा आहे, आणि मी रोज सकाळी माल मोजताना त्याच्यासमोरून जातो.

तू एकदा जरी त्या आवारात गेला असतास तर तुला एका नजरेत कळलं असतं. तुला तिथे न्यायचं मला सुचलं नाही. दुभाष्याचं काम बोलण्याचं असतं, अशी माझी समजूत.

येताना पारावर थांबलो. फुलकी होती. तुझी वही माझ्या काखेत होती. मी बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग गाडगं पुढे केलं. प्यालो. मग 'आम'चं पान उघडलं आणि बोट ठेवून तो शब्द उच्चारला, तिच्याकडे पाहून. इतकंच. पुढचे शब्द शोधायला मला बराच वेळ लागेल, कारण तुझी वही नीट लावलेली नाही. पण तिने मान डोलावली आणि वाट पाहत बसली. तुझ्यासारखीच, घाई न करता.

झालेली कामं: नांदगावला लेकीकडे निरोप गेला. वहिनींकडे दहा दिवसांचा शिधा पोचला. धोंडूभाऊंची राहण्याची सोय लागली. तेलंगी गाडीवानाचं नाव विचारलं, लिंगय्या. डोंगरातल्या दोन म्हाताऱ्यांसाठी माणूस धाडला, पण सोमवारच्या आत ते येतील असं नाही.

सोमवारी साहेब बसेल. तो ओंडका आत आणवून त्याच्यापुढे मांडायचा आणि सांगायचं की जबानी माझ्या हातची आहे, शब्द बरोबर आहेत, आणि ती चूक आहे. पंधरा वर्षांत असं कोणत्याही कारकुनाने केलेलं मी पाहिलं नाही. नोकरी राहील न राहील. प्रकरणाची वही मुन्शींच्या पेटीत कुलपात आहे, ती सोमवारीच बाहेर येईल. त्या सकाळी चपराशी ओसरीवर उभा राहून मोतीच्या नावाने चौथा पुकारा करील, आणि मोती, तू म्हणालास तसा, घरीच लाकडाची वाट पाहत असेल.

मोती वल्द भुरा. हे नाव खोडायचं आहे. समासात 'मेला आहे' लिहायचं आहे. अजून लिहिलेलं नाही.